साबण काळा पडेपर्यंत

गॅरेजमध्ये अजून जळक्या साबणाचा वास येतोय. कालपासून दार उघडं ठेवलंय तरी जात नाहीये, आणि तो जावा असं मलाही फार वाटत नाहीये, कारण हा वास मी पहिल्यांदा घेतला होता तो कोल्हापुरात, शिवाजी उद्यमनगरात, आबांच्या शेडमध्ये, तेव्हा मी आठवी-नववीत असेन. अॅल्युमिनियमची पट्टी वाकवायची असली की आबा कपड्याच्या साबणाची वडी पट्टीवर खसाखसा घासायचे, खालून ब्लो लॅम्प फिरवायचे, आणि साबण आधी पिवळा, मग तपकिरी आणि मग काळा पडला की लगेच आग बाजूला. लोखंड कसं तापलं की लाल होतं, आपल्याला दिसतं. अॅल्युमिनियम काहीच दाखवत नाही, आहे तसंच चकचकीत राहतं आणि मग एकदम वितळून खाली पडतं. म्हणून साबण. साबण काळा पडतो तो वितळायच्या बराच आधी, आणि पट्टी मऊ व्हायला तेवढी उष्णता पुरते. आबांना हे कुणी शिकवलं माहीत नाही, उद्यमनगरात सगळ्यांनाच असलं काहीबाही येत असायचं.

आता मी नॉटिंगहॅममध्ये आहे, वय त्रेचाळीस, आणि त्याच पद्धतीने १९८६ च्या एका टाइम ट्रायल सायकलसाठी कोपर टेकवायच्या वाट्या बनवतोय.

टाइम ट्रायल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे सायकल रेस म्हटलं की डोळ्यांसमोर येते ती मुंबई-पुणे, खंडाळ्याच्या घाटात एकमेकांच्या मागे लागलेली पोरं, घाटाचा राजा कोण याची चर्चा. टाइम ट्रायल एकट्याची असते. एकेका मिनिटाने एकेकाला सोडतात, कुणाच्या मागे लपून वारा चुकवायचा नाही, ठरलेलं अंतर कापायचं आणि घड्याळ काय सांगतं ते ऐकायचं. इंग्लंडमध्ये हा प्रकार का रुजला त्याची गोष्ट मला फार आवडते. १८९४ साली इथल्या ग्रेट नॉर्थ रोडवर एका शर्यतीत सायकलवाल्यांच्या घोळक्याने एक घोडागाडी बुजली, मोठा गोंधळ झाला, पोलिसांचं लक्ष गेलं, आणि रस्त्यावरच्या शर्यतींवर गदा आली. त्याच शर्यतीत असलेल्या एफ. टी. बिडलेक नावाच्या माणसाने पुढच्या वर्षी, १८९५ च्या ऑक्टोबरमध्ये, ५० मैलांची अशी स्पर्धा घेतली जी बघणाऱ्याला स्पर्धा वाटणारच नाही. एकेक जण सुटणार, कुणी कुणाच्या शेजारी नाही, बघणाऱ्याला वाटावं एक माणूस जरा घाईत सायकलवरून चाललाय. पुढे कितीतरी वर्षं लोक गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालून पहाटे उजाडता उजाडता जमायचे, स्पर्धकांच्या यादीवर 'खासगी आणि गोपनीय' असं छापलेलं असायचं, आणि रस्त्याचं नाव कुठे यायला नको म्हणून प्रत्येक कोर्सला कोड. कोड अजून आहेत. हल शहराजवळचा व्ही ७१८ इथल्या सायकलवाल्यांना पाठ असतो, वेगवान कोर्स म्हणून लांबून लांबून लोक तिथे जातात.

आणि या खेळातली मोठी नावं बघा. आल्फ एंगर्स बेकरीत काम करायचा. १९७८ मध्ये त्याने २५ मैल ४९ मिनिटं २४ सेकंदांत कापले, ५० मिनिटांच्या आत येणारा तो पहिला माणूस. बेरिल बर्टन यॉर्कशायरमध्ये रूबार्ब नावाच्या भाजीच्या मळ्यात राबायची, आणि १९६७ मध्ये तिने १२ तासांत २७७.२५ मैल सायकल चालवली, त्या दिवशीच्या पुरुषांच्या विजेत्यापेक्षाही जास्त, त्याला मागे टाकून पुढे जाताना तिने त्याला खाऊची गोळी दिली होती आणि त्यानेही ती घेतली. ही सगळी दिवसभर हाताने काम करणारी माणसं. संध्याकाळी घरी येऊन शेडमध्ये सायकल उघडून बसणारी. मला इथे येऊन दहा वर्षं झाल्यावर हे समजलं आणि मग मी या खेळात ओढला गेलो तो गेलोच.

सायकल मिळाली ती आमच्या क्लबमधल्या एका आजोबांकडून. ऐंशी पार, गुडघे गेलेले, पण दर गुरुवारी संध्याकाळच्या दहा मैलांच्या शर्यतीला खुर्ची टाकून येणार, वही घेऊन. एकदा मला म्हणाले, तुला हाताने करायची आवड दिसते, माझ्याकडे एक जुनी पडून आहे, घेऊन जा. मी पैसे विचारले तर म्हणाले चाळीस पौंड दे, फुकट दिलेली वस्तू माणूस नीट वापरत नाही. सोबत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला, त्यात छर्रे, जुने बोल्ट, दोन चेनरिंग, म्हणजे पायडलपाशी चेन ओढणारी दातेरी चाकं, आणि एक विचित्र आकाराची पट्टी.

सायकल बघितली आणि मी गप्पच झालो. रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळ्यांची फ्रेम, एका छोट्या कारागिराने ब्रेझिंग करून, म्हणजे सांध्यांत पितळ वितळवून जोडलेली, वरची नळी सीटपासून हँडलकडे उतरत गेलेली, पुढचं चाक मागच्यापेक्षा लहान. ऐंशीच्या दशकात ही पद्धतच होती, पुढचं चाक लहान घेतलं की सायकलचं तोंड खाली येतं, चालवणारा वाऱ्यात कमी सापडतो. १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझरने मेक्सिको सिटीत एका तासात ५१.१५१ किलोमीटर काढले ते तबकडीसारख्या बंद चाकांवर, त्यानंतर तर सगळ्या युरोपभर असल्या सायकलींचं पीकच आलं. पुढे आंतरराष्ट्रीय संघटनेने दोन्ही चाकं सारख्याच मापाची हवीत असा नियम केला आणि ही जात बाजारातून गेली. इथल्या क्लबांच्या टाइम ट्रायलची संघटना वेगळी आहे, त्यामुळे माझी सायकल अजूनही शर्यतीत उतरू शकते. हेल्मेट घालायचं, दिवे लावायचे.

चेनरिंगला भोकंच भोकं पाडलेली. ही एंगर्सच्या काळातली फॅशन, वजन कमी करायला ब्रेकच्या दांड्यांपासून चेनरिंगपर्यंत जिथे म्हणून धातू दिसेल तिथे ड्रिल चालवायचं. आज आपल्याला माहितीये की सपाट रस्त्यावर त्या शे-दीडशे ग्रॅमने जवळजवळ काही होत नाही, तिथे खरा खेळ वाऱ्याचा आहे. पण त्या भोकांच्या कडा बघा. प्रत्येक भोकाची कड हाताने मोडलेली, बोट फिरवलं तर कुठे म्हणून टोचत नाही. चेनरिंग मी तशीच ठेवलीय.

आणि ती विचित्र पट्टी म्हणजे घड्याळाचा स्टँड निघाला. आजोबांनी १९८७ मध्ये पोलादी पट्टी वाकवून, कानसून, स्टेमवर, म्हणजे हँडल धरणाऱ्या दांडीवर, स्टॉपवॉच बसेल असा केलेला. चार ठिकाणी वाकवलेला आणि चारही ठिकाणी कोन बरोबर.

मी पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर पार्ट डिझाइन करतो. ब्रॅकेट, फ्लँज, हाउसिंग, सगळं स्क्रीनवर फिरवून बघतो, टॉलरन्स टाकतो, फाइल पाठवतो, तीन आठवड्यांनी कुठूनतरी बनून येतं, पुष्कळदा मी ते हातात घेतही नाही. आबांनी मला लेथला हात लावू दिला नाही कधी. त्यांचा सहा फुटी लेथ होता, ऑइल इंजिनचे बुश, पिना, असला जॉब वर्क करायचे, आणि मी जवळ गेलो की म्हणायचे, "तू हात काळं करायचं न्हाईत, जा, अभ्यास कर." मी अभ्यास केला. २०११ मध्ये त्यांनी लेथ विकला तेव्हा मी इथे होतो, फोनवर "किती आले?" एवढंच विचारलं मी. तो प्रश्न मला अजून आठवतो.

तर सायकलचं काय काय करायचं होतं ते सांगतो. सगळ्यात आधी बसायची पद्धत. ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास सायकलवाल्याची नव्वद टक्के ताकद नुसती हवा बाजूला सारण्यात जाते, आणि त्या हवेला अडवण्यात सायकलचा वाटा थोडका, मोठा वाटा माणसाच्या अंगाचा. शिवाय वेग आणि ताकद यांचं गणित सरळ नाही, वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. म्हणजे माझ्या वयाला पाय अजून ताकदवान करण्यापेक्षा खांदे आत घेणं, डोकं खाली घालणं आणि कोपरं जवळ आणणं जास्त फायद्याचं. ग्रेग लेमाँडने १९८९ च्या टूर द फ्रान्समध्ये हेच करून दाखवलं होतं, शेवटच्या दिवशी व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटर, लॉराँ फिन्याँ ५० सेकंदांनी पुढे, आणि लेमाँडच्या हँडलला पुढे निघालेल्या त्या दोन दांड्या, कोपरं टेकवून हात पुढे धरलेले. ८ सेकंदांनी जिंकला तो टूर.

माझ्या सायकलला १९८६ चं बैलाच्या शिंगासारखं हँडल होतं, त्यावर अशा दांड्या बसवायच्या तर बाजारात मिळतात त्या ३१.८ मिलिमीटरच्या हँडलसाठी, आणि माझं मधोमध २६. मध्ये फट भरून काढणारी नळी, म्हणजे बाही पाहिजे, २.९ मिलिमीटर जाडीची. विकत मिळते असली बाही, पण मला ती बनवायची होती. आमच्या गावात एक सामायिक वर्कशॉप आहे, महिन्याची वर्गणी भरायची आणि तिथली मशिनं वापरायची, तिथे एक जुना लेथ आहे. पहिल्यांदा त्याच्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला चालू कुठून करायचा तेही विचारावं लागलं. तिथल्या एका बाईंनी मला तीन शनिवार शिकवलं, टूल किती उंचीवर बांधायचं, कट किती घ्यायचा, माल पकडणाऱ्या चकची किल्ली चकमध्ये कधी म्हणजे कधीच विसरायची नाही. पहिली बाही आतून २६.४ झाली, भंगारात. दुसरी बाहेरून बारीक झाली. तिसरी बसली, अंगठ्याने दाबत ढकलली तर सर्रकन न जाता हळूहळू गेली, आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते पंधरा वर्षांत एकाही ड्रॉइंगने दिलेलं नव्हतं. मग ती करवतीने उभी दोन भागांत कापली, दोन्ही कापांच्या फटींमुळे क्लँप आवळला की ती हँडलला घट्ट धरते.

आबांना व्हिडिओ कॉल केला. माझे सकाळचे आठ म्हणजे त्यांचे दुपारचे साडेबारा, जेवायच्या आधी ते मोकळे असतात. बाही कॅमेऱ्यासमोर धरली. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "जरा फिरीव." मी फिरवली. "फीड जरा जास्त घेतलास." फीड म्हणजे टूल पुढे सरकायचा वेग, तो पृष्ठभागावरच्या रेघांवरून त्यांनी ओळखला, फोनच्या स्क्रीनवर, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी.

दांड्यांच्या बाबतीत मात्र माझी मोठी चूक झाली. मला त्या पुढे किंचित वर वळलेल्या हव्या होत्या, मनगटाला बरं पडतं. २२.२ मिलिमीटरची अॅल्युमिनियमची नळी आणली, ६०८२ ग्रेड, टी-६ टेंपर, म्हणजे मुळातच कडक केलेला माल, थंड वाकवला तर तडकतो. मग मला साबण आठवला. साबण लावला, तापवली, काळा पडला, थंड केली, आत वाळू ठासून भरली आणि लाकडी फॉर्मावर वाकवली, लोण्यासारखी वाकली. इतकी सुंदर झाली होती की मी बायकोला बोलावून दाखवली. बसवली, रविवारी बाहेर पडलो, आणि पाचव्या मैलावर एका खड्ड्यातून गेलो तेव्हा कोपरांखालून काहीतरी हळूच खाली गेल्यासारखं वाटलं. थांबून बघितलं तर दोन्ही दांड्या वाकून पुढच्या टायरच्या दिशेने आलेल्या, टायरपासून दोन बोटांवर. त्या दोन बोटांकडे बघत मी रस्त्याकडेला किती वेळ उभा होतो सांगता येत नाही.

आबांना सांगितलं. ग्रेडबिड त्यांना माहीत नव्हतं. "कडक होती व्हय नळी?" एवढंच विचारलं. हो म्हटलं. "मग तापवल्यावर ऱ्हातंय व्हय कडक? आम्ही पट्ट्या वाकवायचो त्या झाकणाच्या, गार्डच्या. वजन घेणाऱ्या मालाला कुणी साबण लावत नसतंय." शाळेत, कॉलेजात, मी हे शिकलेलो होतो. एज हार्डनिंग, परीक्षेत त्यावर बारा मार्कांचा प्रश्न लिहिलेला आहे मी. तो मिश्रधातू कडक होतो तो ठरावीक तापमानाच्या उपचाराने, त्यात बारीक कण तयार होतात म्हणून, आणि साडेतीनशेच्या पुढे तापवला की ते कण मोठे होऊन सगळी कडकाई जाते, नुसतं थंड करून ती परत येत नाही. मला व्याख्या येत होती पण कोपराखाली ती कशी लागते ते कळायला पाचवा मैल यावा लागला.

त्या दिवसापासून मी गॅरेजच्या भिंतीवर खडूने दोन रकाने केलेत. एकात घरी बनवायच्या गोष्टी, दुसऱ्यात घरी बनवायच्या नाहीत अशा. दुसऱ्यात पुढच्या चाकाचा चिमटा, हँडल, स्टेम, ब्रेक. तुटलं तर माणूस तोंडावर पडतो ते सगळं तिकडे, आणि याबाबत मी आता कुणाचंही ऐकत नाही. क्लबमध्ये एकाने थ्री-डी प्रिंटरवर दांड्यांचा क्लँप छापलेला दाखवला तर मी त्याला हात जोडून सांगितलं, घालू नकोस. दांड्या आता सरळ आहेत, न तापवलेल्या, टोकांना वाइनच्या बाटलीची बुचं कापून बसवलीत. बसवण्याआधी त्यांच्यावर वीस-वीस किलोच्या तांदळाच्या दोन पोत्या रात्रभर टांगून ठेवल्या आणि सकाळी व्हर्निअरने मापलं. हललं नव्हतं काही.

या सगळ्यात माझ्या डोक्यात सतत असायचा तो ग्रॅम ओब्री. हे नाव सायकलवाल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतोच. स्कॉटलंडचा, सायकलचं दुकान होतं, ते चाललं नाही. त्याने स्वतःच्या अंगाच्या मापाने सायकल बनवली, 'ओल्ड फेथफुल', तिच्यात धुण्याच्या मशीनचे बेअरिंग बसवले. लोक त्या बेअरिंगचीच गोष्ट सांगत बसतात आणि त्यालाही नंतर वाटलं की हे पत्रकारांना सांगायलाच नको होतं. बेअरिंगपेक्षा ते कशासाठी होते ते बघायला पाहिजे. त्याला दोन पायडल एकमेकांच्या शक्य तितके जवळ हवे होते, गुडघे एकमेकांना घासून जातील इतके जवळ, आणि त्या मापाचं काही बाजारात नव्हतं. गुडघे आपटू नयेत म्हणून वरची नळीच काढून टाकली. हात छातीखाली दुमडून घेतले, खांदे बंद. दुसऱ्या कुणाच्या अंगाला ती सायकल लागूच पडली नसती.

१९९३ च्या जुलैमध्ये नॉर्वेत हामार इथल्या ट्रॅकवर तो मोझरचा एका तासाचा विक्रम मोडायला उतरला. १६ तारखेला त्याच नमुन्याची खास तयार केलेली नवी सायकल घेऊन उतरला आणि जमलं नाही, कमी पडला. ट्रॅक दुसऱ्या दिवसापर्यंत ठरवलेला होता. त्याने सांगितलं उद्या सकाळी परत. रात्री मुद्दाम भरपूर पाणी पिऊन झोपला, म्हणजे सारखं लघवीला उठावं लागेल, आणि उठला की दरवेळी पाय ताणून घ्यायचे, आखडू नयेत म्हणून. सकाळी स्वतःची जुनी सायकल काढली, ५१.५९६ किलोमीटर. सहाच दिवसांत क्रिस बोर्डमनने बोर्दोमध्ये ५२.२७० करून तो मोडला. ओब्रीने पुढच्या एप्रिलमध्ये तिथेच ५२.७१३ केले. मग त्याच्या बसण्यावर बंदी आली, तर त्याने हात सरळ पुढे ताणायची दुसरी पद्धत काढली आणि १९९५ मध्ये तिच्यावर जगज्जेता झाला, मग तिच्यावरही बंदी. नियम हवेत, मला मान्य आहे, पण एका माणसाने आपल्या अंगाकडे बघून दोनदा नवा मार्ग शोधला आणि दोन्ही वेळा तो बंद केला, याचं मला आजही वाईट वाटतं.

बंद चाकाचं सांगायचं राहिलं. खरी कार्बनची तबकडी घ्यायची तर माझ्या सायकलच्या कितीतरी पट पैसे. पण साध्या तारांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी पातळ प्लॅस्टिकची झाकणं लावली तरी हवेला तारा दिसत नाहीत, काम बरंचसं होतं. पुढच्या चाकाला हे करायचं नाही, बाजूचा वारा आला की हँडल हातातून जातं. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा आणला, ३०० मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं. आता गंमत अशी की झाकण सपाट बसत नाही, मध्ये हबमुळे तारा फुगलेल्या असतात, म्हणजे बसकी टोपी पाहिजे, शंकू. सपाट वर्तुळाचा शंकू करायचा तर त्यातून पाचर कापायची आणि दोन्ही कडा जोडायच्या. किती पाचर? डाव्या बाजूला माझ्या चाकात मध्यभागी उंची साधारण २५ मिलिमीटर, पायथागोरस मांडला, तिरकी बाजू ३०१ च्या जरा वर आली. म्हणजे पाचर सव्वा अंशाची, कडेला मोजली तर जेमतेम साडेसहा मिलिमीटर. उजवीकडे गिअर असतात, तिथे हबची कड आत सरकलेली, तारा जवळजवळ उभ्या, तिथे पाचर एक-सव्वा मिलिमीटर. डाव्या बाजूला साडेसहा मिलिमीटर कापून कडा जुळवल्या तर तो लुळा पत्रा एकदम ताठ झाला, ढोलासारखा वाजायला लागला. मुलीला बोलावलं, ती सातवीत आहे, तिच्याकडूनच दुसऱ्या बाजूचं गणित करून घेतलं. पत्रा कापताना कात्री पण तिच्याच हातात दिली. हात काळे झाले तिचे, मार्करने.

झाकणं बसवायच्या आधी चाकाचा आऊट नीट काढून, म्हणजे चाक सरळ करून घ्यावं लागतं, नंतर तारा आवळायच्या निपल हाताशी येत नाहीत. हे आधी न सुचल्यामुळे मी एकदा सगळं लावून परत काढलं.

आणि काल त्या कोपराच्या वाट्या. तीन मिलिमीटरचा मऊ पत्रा, इथे साबण चालतो, कारण वाटी खालून सगळीकडे टेकलेली असते. काळा पडेपर्यंत तापवला आणि ड्रेनेजच्या ११० मिलिमीटरच्या पाइपवर वाकवला. तो पाइप माझ्या हाताच्या घेराला बरोबर जुळतो. वर कॅम्पिंगच्या चटईचा तुकडा, वेल्क्रो.

आज संध्याकाळी गुरुवार होता. आभाळ भरलेलं, वारा कमी. मागच्या मोसमात दुसऱ्या सायकलवर माझी सगळ्यात चांगली वेळ २७ मिनिटं १२ सेकंद होती, दहा मैलांना. एका माणसाने मागून सीट धरली, मी दोन्ही पाय पायडलवर ठेवले, टाइमकीपरने पाच बोटं दाखवली आणि एकेक मिटत गेला. पहिले दोन मैल नेहमीसारखे, घशात धाप. मग रस्ता सपाट झाला, मी डोकं खाली घातलं, आणि मागच्या चाकातून तो आवाज यायला लागला, घुमणारा, जात्यासारखा. पूर्ण रस्ता तो माझ्या मागे होता. परतीच्या वळणाला एक ट्रक जवळून गेला, त्याच्या हवेने सायकल हलली, दांड्या हलल्या नाहीत. शेवटच्या मैलावर मला आजोबांच्या स्टँडवरचं घड्याळ दिसत होतं पण आकडे वाचता येत नव्हते. २५ मिनिटं ४१ सेकंद.

आजोबांनी वहीत लिहून घेतलं. मग उठले, काठी खुर्चीला टेकवली आणि सायकलपाशी आले. तबकडीवर टिचकी मारली. चेनरिंगकडे बघितलं, स्वतःच्या स्टँडकडे बघितलं, त्यावर काही बोलले नाहीत. मग डाव्या कोपराच्या वाटीखाली अंगठा घातला आणि कडेवरून सावकाश फिरवत नेला, आतल्या बाजूने, जिथे कुणी बघत नाही. एका जागी थांबले. म्हणाले, इथे राहिलीय.

खरंच राहिली होती. पत्रा कापताना उठलेली बारीक धार, नखाएवढी लांब.

गावच्या हॉलमध्ये चहा प्यायलो, केक खाल्ला, घरी आलो तेव्हा साडेनऊ. तिकडे मध्यरात्र उलटून गेलेली. पण हल्ली आबांना झोप नसते, त्यांचा फोन चालूच असतो, मी मेसेज टाकला आणि त्यांनीच कॉल केला. वेळ सांगितली. "बरं झालं," म्हणाले. पुढं काय करतोयस विचारलं. म्हटलं एक कड राहिलीय, मोडतोय. फोन बाकावर उताणा ठेवला, वाटी वाइसमध्ये धरली आणि कानस घेतली.

चार-पाच हात मारले असतील.

"मागं घेताना उचलंनास बघ," आतून आवाज आला. त्यांना फोनवर गॅरेजच्या छताशिवाय काही दिसत नव्हतं. "पुढं जाताना दाब. मागं येताना उचल. घासत आणू नगंस, दात बसत्यात."

मी पुढे जाताना दाबली, मागे घेताना उचलली. आवाज बदलला.

"हां," आबा म्हणाले. "आत्ता बघ. असंच मार अजून धा."